आइझिरेकचा बंद माइक

"पडद्यावर माणसाचा नुसता कान दिसला, तरी मी त्याचं चारित्र्य सांगतो," असं तालायबेक स्वतःबद्दल सांगत असे. बिश्केकमधल्या एका बसतिकिटांच्या कंपनीत, घरून काम करणाऱ्या नव्या माणसांना रुळवणं एवढंच त्याचं काम होतं. पण दारावरच्या पाटीवर त्याने ‘अंतर्गत शोध’ असं लिहून घेतलं होतं. त्याची मदतनीस सेझिम त्याचे निष्कर्ष टिपायची. वर्षभरात सहा वह्या भरल्या होत्या. बरोबर निघालेल्या निष्कर्षांसाठी वेगळी वही होती. ती कोरी होती.

यंदाचं प्रकरण आइझिरेकचं. ती नारीनजवळच्या गावातून, सासरच्या घरून काम करायची. काम चोख. पण ‘आपण एक कुटुंब, इथे कुणी साहेब नाही’ असा कंपनीचा नियम होता. म्हणून सकाळच्या बैठकीत प्रत्येकाने संचालकांना नावाने हाक मारायची: "सुप्रभात, कुबात." आइझिरेकची पाळी आली की तिचा माइक बंद. पाळी सरली की सुरू, आणि मग कामाचं सगळं घडाघडा. सलग एक्केचाळीस सकाळी हेच.

"शुक्रवारी तिची चाचणीची मुदत संपते," सेझिम म्हणाली.

"‘मिसळत नाही’ असा शेरा मारतो. नोकरीही संपेल."

"आधी कारण तरी शोधू या."

"शोधलंय. लेखी निरोपात ती ‘कुबात’ बेधडक लिहिते. म्हणजे लिहिणारी एक, बोलणारी दुसरी. जुळ्या."

"तिच्या कागदपत्रांत बहीण नाही."

"बघ, किती सफाईने लपवलीय."

दुपारपर्यंत जुळ्या मागे पडल्या आणि आइझिरेक दुसऱ्या कंपनीची हेर ठरली. संध्याकाळी माइकच सदोष ठरला. भाड्याच्या गाडीने नवा पाठवला. दुसऱ्या सकाळी तोही नेमका हाक मारायच्या क्षणी बंद पडला.

"माइकांची साथ," तालायबेक गंभीरपणे म्हणाला.

"तिलाच फोन करून विचारू?"

"संशयितालाच विचारायचं, तर मग माझी गरज काय?"

सेझिमला हा प्रश्न फार आवडला. तिने तो वहीत टिपून घेतला.

गुरुवारी त्याने अहवाल संचालकांना वाचून दाखवला. चहा करणाऱ्या कान्यशायताई पेले ठेवता ठेवता ऐकत होत्या.

"ती बोलते तेव्हा सासरा कुठे बसतो रे?" त्यांनी विचारलं.

"सासऱ्याचा काय संबंध?" तालायबेक म्हणाला.

सेझिमने सरळ फोन लावला.

"मामंजी ना? इथेच, चुलीपाशी," आइझिरेक हळूच म्हणाली. "इंटरनेट या एकाच खोलीत चालतं."

"त्यांचं नाव काय?"

"सासऱ्याचं नाव सुनेने तोंडाने कसं घ्यायचं, ताई? लिहून पाठवते."

निरोप आला: कुबात.

"तुझी आई तिच्या सासऱ्यांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, काय म्हणायची?" कान्यशायताईंनी तालायबेकला विचारलं.

"टोपीवाले."

"का म्हणायची, ते कधी शोधलंस?"

"ते प्रकरण माझ्याकडे आलं नव्हतं."

संचालकांनी अहवाल उलटा करून त्यावर पेला ठेवला. "तिला कायम करा. आणि उद्यापासून मला दादा म्हणायला सांगा. सगळ्यांनाच सांगा. माझ्या निम्म्या वयाची पोरं मला कुबात म्हणतात, तेव्हा मलाच माइक बंद करावासा वाटतो."

शुक्रवारी आइझिरेकचा आवाज खणखणीत आला: "सुप्रभात, दादा."

तालायबेकने सेझिमला ती कोरी वही उघडायला लावली. "लिही. प्रकरण उलगडलं. आणि नव्या भरतीच्या अर्जात एक प्रश्न वाढव: सासऱ्याचं नाव काय?"

"सुनांनीच भरायचा?"

"छे, लेखीवर माझा विश्वास नाही. मुलाखतीत विचारायचा. तोंडी."