पायरियाच्या पायऱ्या

दौंडच्या आमच्या रेल्वे कॉलनीत माझ्यासारखे दात कुणाचे नव्हते! सोड्याच्या बाटलीचं झाकण मी दातानं उडवायचो. पार्सल ऑफिसात सुतळीची गाठ सुटेना झाली की हमाल थेट माझ्या टेबलापाशी! "एलियासाहेब, जरा दात लावा की!" मी लावायचो, आणि वर कॉलनीभर सांगत फिरायचो, "दात राखावेत तर आमच्यासारखे!"

असल्या माणसानं एके सकाळी चूळ भरली आणि ती लाल निघाली, तर त्यानं काय करावं?

लपवावं! मी तेच केलं. परसात, नळाच्या आडोशाला दात घासू लागलो. कुणाची चाहूल लागली की थुंकण्याचा आवाज दाबायला जोरजोरात खोकायचो. काय ती अक्कल! कुंपणापलीकडं आमच्या शेजारीण मुमताजभाभी कपडे वाळत घालत होत्या. त्यांना काय दिसलं? एलियाभाई खोकतात आणि रक्त थुंकतात!

त्या काळी याचा अर्थ एकच. क्षय!

भाभींनी ते माझ्या बायकोच्या, कृपाबाईच्या कानात सांगितलं. संध्याकाळी घरी येतो तो माझं ताट वेगळं, पेला वेगळा, खाट व्हरांड्यात! मला वाटलं, आपल्या तोंडाचा वास हिला कळला.

"कळलं का तुला?" मी खाली मान घालून विचारलं.

"कळलं." तिनं पदर डोळ्यांना लावला. "मला का न्हाई सांगितलं?"

"लाज वाटली गं."

"तुमच्या घरात आधी कुणाला हुतं का हे?"

"आबांना होतं. चाळिशीत सगळे गेले!"

"सगळे?"

"एकेक करून. पहिला समोरचा गेला. मग त्याच्या शेजारचा."

"देवा! शेजारचा बी?"

"शेवटी दोनच राहिले. ते पण हलायचे."

कृपाबाईनं हंबरडाच फोडला. नवऱ्याच्या दातांसाठी इतकं रडणारी बायको मिळाली म्हणून माझा ऊर भरून आला!

दुसऱ्या दिवशी तर माणसांची रीघ लागली. भाभींचे यजमान मीरासाहेब, इंजिनावर फायरमन, ते सुपासाठी जिवंत कोंबडी घेऊन आले आणि फाटकातूनच आत सोडून पळाले. चर्चचे पाळकसाहेब रस्त्यावर उभे राहून प्रार्थना करून गेले. लोक माझ्या दातांवर एवढा जीव टाकतात, हे मला ठाऊकच नव्हतं!

ऑफिसात मात्र साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "एलिया, उद्यापासून कामावर यायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. नोकरीचं पुढं बघू."

"साहेब, दातांपायी नोकरी?"

"दात कसले? तुम्हांला क्षय झालाय ना!"

मी टेबल धरलं. आणि गंमत बघा, साहेब म्हणतात, कॉलनी म्हणते, मग मलाही वाटायला लागलं, आपल्याला क्षयच झालाय! छातीत दुखायला लागलं. तसाच घरी येऊन खाटेवर आडवा झालो. मीरासाहेबांनी आणि कृपाबाईनं दंडाला धरून मला रेल्वे दवाखान्यात नेलं. मागोमाग अर्धी कॉलनी. सगळी खिडकीला चिकटली!

डॉक्टरांनी छातीला नळी लावली. "श्वास घ्या. सोडा!"

मी सोडला. डॉक्टर मागं सरकले!

"छाती ठणठणीत आहे," ते नाक धरून म्हणाले. "तोंड उघडा. अरे बाप रे! पायरिया आहे हा! पहिल्या पायरीला हिरड्या सुजतात, रक्त येतं. दुसऱ्या पायरीला हिरड्या दातांपासून सुटतात, आत पू धरतो. तिसरीला दात हलतात, मग पडतात. तुम्ही दुसरी चढून तिसरीवर पाय ठेवलाय!"

मग त्यांनी लोखंडी आकड्यानं दातांच्या मुळाशी साचलेलं कीटण खरवडायला घेतलं. मी असा बोंबललो, की खिडकीतलं कुणीतरी म्हणालं, "गेला बिचारा!"

"रोज मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या," डॉक्टर हात धूत म्हणाले. "मऊ ब्रश. हिरड्या बोटानं हलक्या चोळायच्या. पुन्हा खरवडायला यायचं. आणि बाटल्या उघडायची चावी बाजारात मिळते!"

बाहेर कृपाबाईनं मला गाठलं. "म्हंजी निस्त्या हिरड्या? आन् आबांचे सगळे गेले, ते कोण?"

"दात!"

ती हसली, रडली, आणि मग तिनं भर रस्त्यात छत्रीनं मला झोडपलं. मीरासाहेबांनी तिला अडवलं नाही. त्यांनी फक्त कोंबडीची चौकशी केली. तिचं सूप मी पिऊन बसलो होतो!

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब उठले. "प्रिय मंडळी, ज्या दुखण्यासाठी आपण गुडघे टेकले, ते बंधू एलियाच्या छातीत नसून हिरड्यांत निघालं. प्रभूचे आभार मानू या!"

"आमेन!" सगळ्यांत मोठा आवाज कृपाबाईचा.

उपासना सुटल्यावर दारातच येशुदासमामांनी वाट अडवली. हे कृपाबाईचे मामा, बातमी ऐकून शिरूरहून पहिल्या एसटीनं आलेले.

"जावई, तुमच्यापायी म्या उपास धरले. च्या सुदिक सोडला. आता आ करा!"

"मामा, इथं?"

"हितंच!"

सगळी मंडळी भोवती गोळा झाली. मी आ केला. मामांनी चष्मा लावला, डावीकडनं वाकून पाहिलं, उजवीकडनं वाकून पाहिलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"ह्याच्यासाठी?" ते म्हणाले. "कृपे, घरी चल. आन् आधी च्या टाक!"