पंजाबरावांचं संत्रं

"आज चेंडूचं नाव तोंडातून काढाचं नाई," भीमराजनं आईला पुन्हा बजावलं. "पोरगी पाहाले नेरचे पाहुने येऊन राह्यले. मैत्रेयीले पोरगा पसंत हाये, पोराले मैत्रेयी पसंत हाये. आता भेव फक्त तुह्या तोंडाचं हाये, माय."

"ह्याच तोंडानं घास भरवून तुले लहानाचा मोठा केला," प्रभावतीबाई म्हणाल्या. "पन जाय. नातीसाठी आज कुलूप."

कुलूप लावणं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण होतं कापूस. त्या वर्षी भाव असा बसला होता की बोरी अरब गावात कोणी कापूस विकायला काढेना. उद्या चढेल, परवा चढेल म्हणत ज्याचा कापूस त्याच्या घरात. भीमराजच्या बैठकीत तो दिवाळीपासून फळ्या लावून रचलेला होता, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वीतभर जागा सोडून. त्या ढिगात एक दिवस टीव्हीचा रिमोट गेला तो गेलाच. टीव्हीची बटणं आधीच मेलेली. त्यामुळे टीव्ही होता तिथेच अडकला, खेळांच्या चॅनलवर. सून उर्वशीच्या सगळ्या मालिका बुडाल्या. ती ढीग उपसायला निघाली तेव्हा प्रभावतीबाईंनीच तिला अडवलं होतं. "रचलेला कापूस कोनी उकरते काय? भाव आला का कापूस निघंन, कापूस निघाला का रिमोट निघंन."

भाव काही आला नाही, पण प्रभावतीबाई फुटबॉलात तरबेज झाल्या. शाळा दुसरीत सुटलेली, तरी ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांनी अख्ख्या गल्लीला एका वाक्यात समजावलं होतं : "पाहुना यायच्या आधी ताटावर जाऊन बसनं." गोलकीपर म्हणजे शेतातला जागल्या. धक्का न लागताच लोळणारा म्हणजे त्यांची थोरली नणंद. त्यांचा जीव पिवळ्या सदऱ्यांच्या संघावर. गेल्या आठवड्यात त्या संघानं हरल्यावर कोचाला काढून टाकलं, तेव्हापासून त्या धुमसत होत्या. "बैल बसले, तं हाकलनाऱ्यालेच हाकलून देलं! बैल बदला ना लेकहो!" सकाळी त्याच चॅनलवर बास्केटबॉल लागायचा. तोही त्या पाहत, पण सवतीच्या हातचा चहा प्यावा तसा.

दुपार कलताना पाहुणे आले. मुलाचे वडील पंजाबराव, आई हंसाबाई आणि दाराची चौकट वाकून ओलांडणारा उंच धम्मरत्न. जयभीम झाला, पाणी झालं. खुर्च्यांना जागाच नव्हती, म्हणून कापसाच्या पुढच्या थरावर सतरंजी अंथरून बैठक केली होती. भीमराजनं घरच्यांना आणखी एक ताकीद दिलेली होती. घरात कापूस राहिला की अंगाला खाज सुटते. जीव गेला तरी पाहुण्यांसमोर कोणी खाजवायचं नाही. त्यामुळे घरचे सगळे हात बांधून उभे होते.

पण पाहुणेही तसेच. चिवडा पुढे केला, कोणी हात लावेना. तिघांनी हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. गोलासमोर उभे राहिलेले खेळाडू चेंडू हाताला लागू नये म्हणून हात मागे घेतात, अगदी तसे. 'अकडू दिसतेत,' प्रभावतीबाईंनी मनात नोंद केली. 'आपल्या घरचा चिवडाही चालत नाई यायले.'

शेवटी पंजाबराव खाकरले. "टीव्ही बंद काहून हाये?"

भीमराज नको नको म्हणेपर्यंत धम्मरत्ननं भिंतीवरचा खटका दाबला. पडद्यावर पिवळे सदरे धावत होते. दोन्हीकडे भोपळा.

"आरे, हे फुटबॉल!" पंजाबरावांनी तोंड वाकडं केलं. "दीड घंटा धावतेत अन् हाती काय येते? ठनठन गोपाळ. बास्केटबॉल पाहा. मिनिटा-मिनिटाले टोपल्यात चेंडू."

प्रभावतीबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मैत्रेयीनं आजीकडे पाहिलं. 'आजी, पाया पडते तुह्या,' असं ते पाहणं होतं. कुलूप टिकलं.

"अन् ह्या पिवळ्यांनं कोचाले काढलं," पंजाबराव चहाकडे पाहत म्हणाले, "ते एकदम बराबर केलं."

कुलूप कडीसकट निखळलं.

"पंजाबराव," प्रभावतीबाई पदर खोचत म्हणाल्या, "तुमचा बास्केटबॉल म्हनजे पश्चिमेकडचा ऊस. कालव्याचं पानी सोडा, बांधावर झोपा, टोपलं भरतेच. त्याच्यासाठी कोन हात जोडते? फुटबॉल म्हनजे आपली कोरडवाहू. हंगामभर धावा, चिखल खा, पडा, उठा. अन् एक बोंड फुटलं, एकच, तं मानूस गुडघे टेकून आभायाकडं पाह्यते. उपकार कायले म्हनतेत, ते त्या खेळात समजते."

"माय!" भीमराज हळूच किंचाळला.

पण घाव पंजाबरावांच्या वर्मी बसला होता. "टोपलं भरनं सोपं वाटते काय तुमाले? परवा त्या लंब्यानं अर्ध्या मैदानातून टाकला, पाह्यलं का?"

"पाह्यलं. हवेनं गेला."

"हवेनं?"

"मंग दाखवा टाकून!" प्रभावतीबाईंनी ताटलीतलं संत्रं उचलून त्यांच्या हातात दिलं आणि आढ्याला टांगलेल्या कांद्याच्या रिकाम्या टोपल्याकडे बोट केलं. "हे संत्रं, ते टोपलं."

"अहो, राहू द्या," हंसाबाई म्हणाल्या. पण सोयऱ्याच्या घरी हार खाऊन नेरला जायचं कसं? पंजाबराव सतरंजीवर उभे राहिले, एक डोळा मिटून नेम धरला आणि पडद्यावरच्या लंब्यासारखी उडी मारली. ते खाली आले ते पूर्ण वजनानिशी. फळी कडाडली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तसबिरीखालून दिवाळीपासूनचा सगळा कापूस सावकाश, अगदी सभ्यपणे, पाहुण्यांवर उतरला. हंसाबाई कंबरेपर्यंत गेल्या, भीमराज छातीपर्यंत. पंजाबरावांची नुसती टोपी दिसत होती.

ट्रे धरलेल्या मैत्रेयीचे डोळे भरून आले. सोयरीक मोडली हे सगळ्यांना कळलं होतं, आणि कोणामुळे तेही. प्रभावतीबाईंनी खोचलेला पदर सोडला. त्यांनी मान वर केली. टोपलं झुलत होतं, आणि त्याच्या काठावरून काहीतरी केशरी डोकावत होतं.

"दोन गुन," त्या पडलेल्या आवाजात म्हणाल्या. खरं ते खरं.

"तीन, मावशी," कापसातून आवाज आला. "लांबून टाकलं."

धम्मरत्न आणि मैत्रेयी दोन बाजूंनी कापूस उपसायला लागले. भीमराजनं अडकल्या जागीच हात जोडले. "माफ करा बाप्पा. आता तुमच्या अंगाले खाज सुटंन..."

"आता सुटंन?" हंसाबाईंनी दोन्ही हात बाहेर काढले आणि मनगटापासून खांद्यापर्यंत असं खाजवलं की पाहणाऱ्यालाही बरं वाटावं. "दिवाळीपासून सुटली हाये, भाऊ! आमचंही घर ह्यानंच भरलं हाये. हे म्हनले, हात दाबून बसा, पाहुन्यासमोर खाजवलं तं सोयरीक मोडंन. चिवड्याले हात काढला असता तं आवरला असता काय?"

भीमराजनं हे ऐकलं आणि मानेला हात घातला. उर्वशीनं पाठ दाराच्या चौकटीला लावली. मग कोणी कोणाची लाज धरली नाही. इतक्या मनमोकळेपणानं कोणाच्या घरी पोरगी पाहिली गेली नसेल.

प्रभावतीबाईंच्या मनात मात्र एक शंका आली. "पंजाबराव, तुमाले बास्केटबॉलचा नाद लागला कसा?"

पंजाबराव टोपीतला कापूस वेचू लागले. "आमचाही रिमोट कापसातच हाये, मावशी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "अन् आमच्या फीडरले लाइट फक्त सकाळची राह्यते."

"सापडला!" उर्वशी ओरडली. सतरंजीच्या दुमडीतून तिनं रिमोट ओढला, छातीशी धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर दागिन्यांनी मढलेली एक सून रडू लागली. पण त्याच्या आधी, अगदी डोळ्याचं पातं लवायच्या आत, पंचाचं बोट पेनल्टीच्या ठिपक्याकडे गेलेलं दोघांनी पाहिलं होतं.

"वापस लाव!" प्रभावतीबाई आणि पंजाबराव एकाच दमात ओरडले.

वापस लागेपर्यंत होऊन गेलं होतं. पिवळ्या सदऱ्यातला एक पोरगा गवतावर गुडघे टेकून वर पाहत होता. पंजाबराव बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "बोंड फुटलं वाटते, मावशी," ते म्हणाले.

प्रभावतीबाईंनी हात जोडले. चेंडूला, टोपल्याला की हंसाबाईंना, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. हंसाबाईंनी मैत्रेयीच्या केसांतला कापूस काढला आणि म्हणाल्या, "पोरगी आमची. साक्षगंधाची तारीख काढा. पन मांडव आंगनात टाका, बैठकीत नको."

सगळे पाहुण्यांना जीपपर्यंत पोचवायला गेले. प्रभावतीबाई मागे राहिल्या. सांडलेल्या कापसावर त्यांनी हात ठेवला.

"भाव नाई देला, तं नाई देला, बापा," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या नातीले घर देलं. तुहे उपकार हायेत."

मग त्यांनी टीव्हीवरचा रिमोट उचलला, हात काखेपर्यंत ढिगात घातला आणि रिकामा बाहेर काढला.

दिवेलागणीला उर्वशीनं सगळी बैठक पालथी घातली. "आताच तं इथं ठेवलता, आई!"

"भाव आला का निघंन," प्रभावतीबाई म्हणाल्या आणि टोपल्यातलं संत्रं सोलत टीव्हीसमोर बसल्या.