गायब गोलकीपर आणि एकटा राजापूरकर

गुन्हेगार मला घाबरतात. निदान घाबरत असावेत. अजून एकाशीही प्रत्यक्ष गाठ पडलेली नाही, त्यावरून ते लपून बसले आहेत एवढाच निष्कर्ष निघतो.

मी विनीत कोदवलकर. मूळचा राजापूरचा, पोटासाठी एका कुरिअरच्या रत्नागिरीतल्या काउंटरवर उभा राहणारा, पण पिंडाने गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे आणि नाक, बायकोच्या मते, नको तिथे खुपसलेलं. पाली गावातली हरवलेली म्हैस मीच शोधली. म्हणजे 'ती परत येईल' असं तिच्या मालकाला छातीठोकपणे सांगितलं आणि संध्याकाळी ती आली. लोक म्हणतात, म्हशी येतातच. लोकांना तर्कशास्त्र शिकवायला मी बसलेलो नाही.

एवढी बुद्धी असून माणूस शत्रूच्या मुलखात कसा अडकतो, तर लग्नामुळे. मनिषा रत्नागिरीची, बंदराजवळच्या आळीतली. आमचं भाड्याचं घर तिच्या माहेराच्या भिंतीला लागून. मी घरजावई नाही. मध्ये भिंत आहे. सासूबाई, म्हणजे सावित्रीबाई, मासे विकतात, आणि अख्खी आळी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. अशा ठिकाणी मी दहा वर्षं सुखाने नांदलो, कारण राजापूरचं कॉलेज फुटबॉलमध्ये कधी पहिल्या फेरीच्या पुढे गेलं नव्हतं.

यंदा ते फायनलला आलं. समोर रत्नागिरीचं कॉलेज, मैदानही रत्नागिरीचं.

त्या दिवसापासून मी पिवळा टी-शर्ट घालून हिंडू लागलो आणि आळी निळी झाली. नाक्यावरचा चहावाला भिवा मला सगळ्यात शेवटी चहा द्यायला लागला, तोही साय आलेला. सासूबाईंकडून येणाऱ्या कालवणात माझ्या वाट्याला सुरमईचं शेपूट येऊ लागलं. कोणी वाईट बोललं असतं तर बरं होतं. पण लोक माझी कीव करायचे. "येतील हो तुमचे पण जिंकून कधीतरी," असं शेजारच्या विमलाकाकी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तेव्हा मला त्यांच्या मांजराचाही राग आला.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी राजापूरचे कोच रितेश सर यांचा फोन आला. लॉजवरच्या खाटा आखूड आहेत, गोलकीपर केतनचे पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबतात, झोप झाली नाही तर पोरगा उद्या काय अडवणार. "रत्नागिरीत आपला म्हणावा असा माणूस तुम्ही एकटेच," सर म्हणाले. "आणि लक्षात ठेवा, दुसरा गोलकीपर आपल्याकडे नाही. होता तो तापाने घरी पडलाय."

माझी छाती इतकी फुगली की टी-शर्टवरचं 'राजापूर' वाचायला सोपं झालं.

केतन आला. आमच्या दारातून शिरताना त्याला इतकं वाकावं लागलं की सासूबाईंना वाटलं, नमस्कार करतोय. "संस्कारी हाय पोरगा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी घरून सुरमईचा मधला तुकडा आणून त्याला वाढला. मी शेपटाशी झुंजत ते पाहत होतो आणि माझ्या डोक्यात पहिली नोंद झाली: शत्रू गोड वागतोय.

सकाळी उठलो तर केतनचं अंथरूण रिकामं.

मोबाइल चार्जिंगला लावलेला. खुर्चीवर त्याचे हातमोजे. चहाचा कप पिऊन उपडा ठेवलेला. मनिषा बाजारात गेलेली. दुसरा कोणी असता तर त्याने 'केतन, केतन' अशी हाक मारली असती. मी मारली नाही. हाक मारली की गुन्हेगार सावध होतो.

मी उंबऱ्याशी गुडघे टेकून बसलो, आणि माझ्या हाती धागेदोरे लागले. अक्षरशः. राखाडी, चिकट, बोटाला गुंडाळणारे. असा धागा मी कुठे पाहिला होता? मासेमारीच्या जाळ्यात. म्हणजे केतनला जाळं टाकून पकडलं होतं. इतक्या लांब मुलाला पकडण्याचा तोच व्यवहार्य मार्ग आहे.

इतक्यात सासूबाई त्यांच्या दारात आल्या. पदर खोचलेला, डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याचा झाडू. मी कसलेल्या गुप्तहेरासारखी आडून चौकशी केली.

"आज घरात शांतता आहे, नाही?"

"हाय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी माझ्या.

"स्टूल हाय का तुमच्याकडं? आमचं डुगडुगतंय."

मी स्टूल आणून दिलं. संशयिताला मदत करावी, म्हणजे तो गाफील राहतो. त्या स्टूल घेऊन आळीत निघून गेल्या, आणि मी मोठ्या तोऱ्याने नाक्याकडे निघालो.

भिवाच्या टपरीवर रत्नागिरीच्या कॉलेजचा निळा फलक झळकत होता. काल नव्हता. इतका उंच लावला होता की मान मोडावी. भिवा स्वतः माझ्या खांद्याला लागतो. तो वर कसा पोचला हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण मी फलकावरच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका शोधत होतो.

"भिवा, एक उंच मुलगा पाहिलास का?"

"आला होता ना सकाळीच. काम झालं, गेला."

"कसलं काम?"

"आमचं होतं एक," भिवा हसून म्हणाला. "चांगला हाय हो पोरगा. पैसे देत होतो तर नको म्हणाला. मग दोन वडे घातले खायला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शत्रूचं काम, तेही फुकट, तेही दोन वड्यांवर. राजापूरने आजवर पुष्कळ काही सोसलं आहे, पण त्याचा गोलकीपर वड्याला विकला जाईल असं वाटलं नव्हतं. सामना उघड उघड फिक्स झाला होता. गोलकीपर गेला की गोलमाल व्हायचाच.

पण घरी परतताना विमलाकाकींच्या खिडकीखालून जाताना जे ऐकलं, त्याने ही उपपत्ती कोसळली. काकी फोनवर बहिणीशी बोलत होत्या. "अगो, मी पाय घट्ट धरून ठेवले होते त्याचे. सावित्रीनं टॉर्च मारला. जराही हलला नाय बिचारा. मग दिला पुढं पाठवून."

मी भिंतीला टेकलो. बिचारा केतन. त्याने लाच खाल्ली नव्हती. त्याच्यावर जबरदस्ती झाली होती, आणि त्यात माझी सख्खी सासू होती. पुढं पाठवून म्हणजे कुठं? बंदराजवळच्या आळीतून माणूस पुढं कुठं पाठवतात? समुद्रात. जाळं, टॉर्च, पाय धरणं, सगळं जुळत होतं. होडी कुठून सुटली असेल? बंदरावर ओळखीचे डोळे, म्हणजे खाडीपलीकडच्या भाट्याच्या किनाऱ्यावरून.

स्कूटर काढली आणि पूल ओलांडून भाट्याला गेलो. सुरूच्या बनात दबा धरून किनाऱ्याची टेहळणी करू लागलो. समोर रत्नागिरीचाच संघ वाळूत सराव करत होता. मी झाडामागे लपलो. सुरूचं झाड माझ्या निम्म्या रुंदीचं होतं आणि टी-शर्ट हळदीसारखा पिवळा, पण लपणं ही मनाची अवस्था असते. ओढून ठेवलेल्या एका होडीवर ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक आडवं. मी श्वास रोखून पुढे सरकलो आणि ताडपत्री उचलली.

खाली वल्ही होती.

त्याच क्षणी बॉल येऊन माझ्या कानशिलावर आदळला आणि मी वल्ह्यांवर पडलो. त्यांचा कॅप्टन, सूरज नावाचा पोरगा, धावत आला.

"काका, लागलं का?"

'काका' जास्त लागलं, पण तसं म्हणालो नाही. त्याने मला बसवलं, पाणी दिलं, टी-शर्ट वाचला.

"राजापूरचे का तुम्ही? केतनला सांगा, आज मजा येणारे. मागच्या साली पहिल्या फेरीत त्याने माझे दोन गोल अडवले होते."

मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. खरा गुन्हेगार असाच मोकळा बोलतो. पण त्याच्या चेहऱ्यावर मला काहीच सापडलं नाही, आणि तेव्हा, कान सुजलेला असताना, पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. हा सगळा खेळ मी करत होतो, पण पोरगा खरंच घरात नव्हता. त्याच्या आईने त्याला सरांच्या भरवशावर पाठवलं होतं आणि सरांनी माझ्या. त्याला काही झालं असेल तर मी कोणाला काय सांगणार होतो? जाळ्याची उपपत्ती?

घरी आलो तेव्हा मनिषा दारात उभी होती.

"कुठं होता तुम्ही? रितेश सरांचे दोनदा फोन येऊन गेले. केतनला मैदानावर बोलावलंय, तो फोन उचलत नाही म्हणतात."

मी खाली बसलो. गुप्तहेराने कबुली घ्यायची असते, मी दिली. "मनिषा, केतन नाही. सकाळपासून नाही. मला वाटतं त्याला पळवलंय."

"कोणी?"

"सगळ्यांनी मिळून. तुझी आई धरून."

तिने माझ्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आईला विचारलंत?"

"विचारलं. आडून."

"काय विचारलंत?"

"म्हटलं, आज घरात शांतता आहे."

"मग?"

"त्या म्हणाल्या, हाय."

मनिषा मागच्या दाराशी गेली आणि आळीभर जाईल अशा आवाजात ओरडली, "आई गो, केतन कुठाय?"

चार घरं पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "हय हाय, शकूकडं. पंखा पुसतोय."

मी धावत गेलो. शकू म्हणजे सासूबाईंची भाची. तिच्या माजघरात, माझ्याच स्टुलावर, राजापूरच्या कॉलेजचा गोलकीपर डोक्याला फडकं बांधून उभा होता. केसांत कोळिष्टकं, तीच, राखाडी, चिकट, बोटाला गुंडाळणारी. खाली विमलाकाकी त्याचे पाय धरून होत्या. माळे झाडून झाले होते, बल्ब बदलून झाले होते, भिवाचा फलक लावून झाला होता. आळीतले बहुतेक पुरुष बोटीवर किंवा मुंबईला. पोरगं एवढं उंच आयतं आलेलं, बायकांनी हातोहात फिरवलं होतं.

"आज मॅच आहे त्याची," मी कसाबसा म्हणालो. "दमवलात त्याला. हे घातपाताचं कारस्थान आहे."

सासूबाईंनी झाडू भिंतीला लावला. "जावईबापू, पहाटं उठले तर हे पोरगं तुमच्या पायरीवर बसून उलट्या काढत होतं. भीतीनं. म्हणालं, मॅचच्या दिवशी असंच होतं. तुम्ही आत घोरत होता. म्हटलं, रिकामा बसला तर आणखी घाबरंल. म्हणून लावला कामाला."

केतन वरून म्हणाला, "खरंच दादा, आता बरं वाटतंय. भूक पण लागली." आणि मग जरा ओशाळून, "हातमोजे तुमच्याकडंच आहेत ना?"

मी मान डोलावली. मी त्याला स्टुलावरून उतरताना हात दिला, एवढंच त्या प्रकरणातलं माझं योगदान.

दुपारी मी मैदानावर निळ्या गर्दीत एकटा पिवळा उभा होतो, उसळीत पडलेल्या लिंबाच्या फोडीसारखा. आळीतल्या बायका ओळीने बसल्या होत्या. फुटबॉल त्यांना कळत नव्हता, पण गोलकीपरने गोल खायचा नाही हे कळत होतं. केतनने काय काय अडवलं. उडी मारून, लोळून, एकदा तर तोंडाने. दर वेळी विमलाकाकी टाळी वाजवायच्या, आणि मग आपण कोणाकडून आहोत हे आठवून हात मांडीखाली दाबायच्या. शेवटी शेवटी रत्नागिरीला पेनल्टी मिळाली. सूरजने मारली. केतन बरोबर त्या बाजूला झेपावला, बॉल हाताला लागला, खांबावर आपटला आणि परत येऊन त्याच्याच पाठीला लागून आत गेला.

एक-शून्य. संपलं.

केतन जाळ्यात बसून राहिला. मी त्याच्याकडे जायला निघालो. माझ्याआधी सूरज पोचला होता. त्याने त्याला उठवलं. मग सासूबाई मैदान ओलांडून गेल्या, पदराने त्याचं तोंड पुसलं आणि रितेश सरांना म्हणाल्या, "आज जेवायला आमच्याकडं. सगळी पोरं."

संध्याकाळी चषक रत्नागिरीत आणि आमची आळी सुतकात. ओटीवर राजापूरची पोरं पंगतीला बसली होती. बायका वाढत होत्या आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी पाणी द्यायचं काम करत होतो. भिवा पायरीशी चुळबुळत उभा होता, पाठीमागे काहीतरी लपवून. माझी घारीची नजर तिथे गेली.

"फटाक्यांची माळ आहे ना ती?"

"हाय," भिवा पुटपुटला. "परवापासून आणून ठेवलीय. पण पोरगं जेवतंय ना आत. कशी लावू?"

दहा वर्षांत रत्नागिरीकराकडून मी ऐकलेलं हे सगळ्यात चमत्कारिक वाक्य होतं. मी आत पाहिलं. केतनने ऐकलं असावं. तो हात धुऊन बाहेर आला, दाराखाली वाकला आणि भिवासमोर उभा राहिला.

"लावा की, काका. तुम्ही जिंकलाय. पुढच्या साली आम्ही राजापूरला लावू, तेव्हा तुम्ही या."

भिवाने माळ रस्त्यावर पसरली. काडी केतननेच ओढली. आळी बाहेर आली, पोरं कानात बोटं घालून हसू लागली, धूर झाला, आणि त्या आवाजात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निळ्यांनी आणि पिवळ्यांनीही.

मीही टाळी वाजवली. एकदाच, आणि हळू. कोणी पाहिलं नाही, असा माझा तर्क आहे.