अकरापैकी अकरा बरे

शंकरप्पा नागप्पा तोळणुरे यांना सरकारदरबारी रावसाहेब व्हायचे होते, आणि त्यांच्या पदरी असलेल्या सिद्धारामला नळाच्या दोन खोल्या मिळायच्या होत्या. दोन्ही इच्छा रास्त होत्या. शंकरप्पा सोलापुरातल्या सुताच्या पहिल्या पाच व्यापाऱ्यांत मोडत. पण बाकीचे चौघे रावसाहेब होऊन बसले होते, आणि लग्नकार्यात पानसुपारीचे तबक शंकरप्पांपुढे नेहमी पाचवे यायचे. सिद्धारामची बायको कस्तुराबाई लग्नापासून तीन वर्षे मंगळवेढ्याला माहेरीच होती. "आधी चुलीपुरती जागा करा, मग बोलवा," असा तिचा निरोप दर बाजाराला न चुकता येई.

रावसाहेबीसाठी लोकोपकार लागतो. पण १९३४ साली सोलापुरात पाणपोई बांधून भागण्यासारखे राहिले नव्हते. तहानलेल्यांपेक्षा पाणपोया जास्त झाल्या होत्या. "काहीतरी नवीन काढा," असा सल्ला एका जाणत्या वकिलाने दिला. तेव्हा शंकरप्पांना वडिलांची आठवण झाली. नागप्पांना शेवटची चार वर्षे म्हातारचळ लागला होता. पोटच्या मुलाला ते 'कोण पाहिजे?' म्हणून विचारत. "हा आजार मी फार जवळून पाहिला आहे," असे शंकरप्पा भाषणात सांगत. वडील तेव्हा माळ्यावर असत आणि शंकरप्पा खाली दुकानात, म्हणजे अंतर खरोखरच फार नव्हते.

अशा रीतीने भवानी पेठेत 'कै. नागप्पा तोळणुरे स्मृतिभ्रष्ट वृद्ध विश्रांतिगृह' उघडले. सिद्धाराम दुकानातला कारकून होता, तो दोन खोल्यांच्या बोलीवर व्यवस्थापक झाला. म्हाताऱ्यांचे न्हाणे-खाणे बघायला गोजरबाई नावाची विधवा ठेवली. अकरा म्हातारे-म्हाताऱ्या मिळाल्या. त्या मिळवायला त्रास पडला नाही. उघडल्याच्या दिवशी सूर्योदयालाच सात जण ओट्यावर बसलेले होते आणि त्यांना आणून सोडणारे कोपऱ्यावरून वळताना दिसत होते.

नियमावली शंकरप्पांनी स्वतः केली. कलम सात असे: ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे त्यांस प्रवेश नाही. कलम आठ असे: प्रत्येक आश्रिताने दात्याचे संपूर्ण नाव तोंडपाठ म्हटले पाहिजे. कारण पुण्याहून बडे साहेब पाहणीला येणार होते, आणि त्यांनी "तुमचा आश्रयदाता कोण?" असे विचारताच उत्तर आले पाहिजे, ही रावसाहेबीची मुख्य अट होती.

"मालक," सिद्धाराम अदबीने म्हणाला, "यांतल्या सहा जणांना स्वतःचं नाव येत नाही."

"स्वतःचं कशाला यायला पाहिजे?" शंकरप्पा म्हणाले. "माझं येऊ दे. साहेब आल्या दिवशी चुकलं, तर खोल्यांचं विसर."

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. सकाळी आणि संध्याकाळी सिद्धाराम हातात छडी घेऊन उभा राही. छडी फक्त पाटीवर नाव दाखवण्यासाठी होती, आणि पाटी वाचणारे कोणी नव्हते.

"मायाक्का, सांग बघू. तुला भाकरी कोण देतं?"

मायाक्का ही पंच्याहत्तरीची धनगरीण. तिची मेंढरे जाऊन वीस वर्षे झाली होती, पण रोज दिवेलागणीला ती आश्रमातली डोकी मोजी आणि एक कमी भरले की रडे. ती म्हणाली, "बिरप्पा देतो की."

"बिरप्पा कोण?"

"माजा भाऊ. तूच की! किती वाळलाईस रे बिरप्पा. वहिनी जेवाय घालती का न्हाय?"

हा प्रश्न वर्मी लागला. सिद्धारामने छडी पुढच्या माणसाकडे वळवली. पुढे ज्ञानबा होता.

"ज्ञानबा, आपला दाता कोण?"

"ज्वारी निघाली का?" ज्ञानबाने विचारले.

"निघाली."

"मग हितं काय करायलाय? जा की रानात!"

महिना उलटला तरी अकरांपैकी शून्य जण तयार होते. शंकरप्पांनी फेरविचार करून कलम नऊ घातले: दात्याचे नाव घेतल्याखेरीज ताट वाढू नये. व्यापारात ही पद्धत त्यांना लागू पडली होती. पहिल्या दिवशी ताटे वाढलीच नाहीत, पण म्हाताऱ्यांची तक्रारही आली नाही. आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नव्हते. उलट ज्ञानबाने तृप्त ढेकर दिला. शिस्तीचा असा अनादर सिद्धारामने पूर्वी पाहिला नव्हता. संध्याकाळी गोजरबाई पदर खोचून त्याच्यापुढे आली.

"म्यानेजरसाहेब, ह्यो नियम कुण्या शाण्यानं केला?"

"मालकांनी."

"मग मालकास्नी सांगा, म्या नाव घेतलंय. अकरा बारीला घेतलंय. आता वाढते." आणि तिने वाढले. वहीत सिद्धारामने 'अकरा आश्रितांनी नाव घेतले' अशी नोंद केली. खोटी नव्हती, फक्त कोणी घेतले ते लिहायचे राहिले होते.

पण साहेबांपुढे गोजरबाईला अकरा तोंडे कुठून आणणार? सिद्धारामची झोप उडाली. तेव्हा उपायही गोजरबाईनेच काढला. "तुमी शाळा घेताय, तसं न्हाय येणार. ह्यास्नी कालचं सांगता येत न्हाय, पर जात्यावरची ओवी म्हना म्हटलं तर रात सरंल. मायाक्काला उखाणा शिकवते. बाईमाणूस सगळं विसरंल, नाव घ्यायचं विसरायचं न्हाय."

आणि खरोखर आठ दिवसांत मायाक्का तयार झाली. सिद्धारामने आनंदाच्या भरात मंगळवेढ्याला निरोप धाडला की चुलीचे दगड बघून ठेव. लगोलग रंगीत तालीम ठरली. शंकरप्पा जरीचा रुमाल बांधून आले. शेजारी त्यांच्या पत्नी सावित्रम्मा खुर्चीवर बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचे नाव लग्नात एकदा आणि डोहाळजेवणात एकदा, असे दोनदाच घेतले होते, आणि तेही पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"मायाक्का," सिद्धाराम ऐटीत म्हणाला, "घे नाव."

मायाक्काने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बोळक्या तोंडावर लाज पसरली. मग मान तिरकी करून, शंकरप्पांकडे एकवार बघून, खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"माळावर मेंढरं, मेंढरांत कोकरू,
शंकरप्पाचं नाव घेते, मी कशी विसरू?"

गोजरबाईने टाळी वाजवली. वाजवणारी ती एकटीच होती.

"काय म्हणाली ही?" सावित्रम्मांनी नवऱ्याकडे वळून विचारले.

"अगं, ते नाव... दाता म्हणून..."

"दाता? आमच्यात असं नाव कोण घेतं, मला ठाऊक आहे! कधीपासून चाललंय हे?"

"ती पंच्याहत्तरीची आहे!"

"म्हणजे वय सुद्धा पाठ आहे तुम्हाला! माझं सांगा बरं?"

शंकरप्पांना सांगता आले नाही. मायाक्का मात्र अंगात आल्यासारखी उठली आणि त्यांच्या जरीच्या रुमालाला हात लावून मायेने म्हणाली, "उठा की धनी. मेंढरं खोळंबल्याती." सावित्रम्मा टांग्यात बसल्या त्या थेट माहेरी अक्कलकोटला गेल्या, आणि आठ दिवस परतल्या नाहीत. सोलापूरच्या सूतबाजारात त्या आठवड्यात सुतापेक्षा या उखाण्याचा भाव चढला होता.

"सिद्धाराम," शंकरप्पा म्हणाले, "बदल."

"उखाणा, मालक?"

"माणसं."

 सिद्धारामच्या डोळ्यांपुढे नळ होता आणि नळाखाली घागर लावणारी कस्तुराबाई होती. त्याने मान डोलावली.

बाजारातून शाबूत डोक्याची अकरा म्हातारी माणसे गोळा केली. त्यांचा पुढारी येडू, साठीचा हमाल, सुताची गाठोडी वाहून वाहून गुडघे गेल्यामुळे रिकामा बसलेला. नावाखेरीज येडेपणाचा अंश त्याच्यात नव्हता.

"निस्तं नाव घ्यायचं आन् जेवायचं?" त्याने विचारले. "दिवसभर?"

"एक दिवस."

"मग आमी एका दिवसात जेवढं बसंल तेवढं जेवनार. आधी बोलून ठिवतो."

पाहणीच्या दिवशी पहाटे खऱ्या अकरांना मागच्या सुताच्या गुदामात नेले. काशम्मा म्हणून एक तेलुगू विणकरीण होती. आल्यापासून ती हसली नव्हती. सुताचा ढीग दिसताच ती त्यात बसली आणि तुटलेले धागे सांधू लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर असे काही आले की गोजरबाईने दार लावताना तिकडे बघायचे टाळले.

बडे साहेब वेळेवर आले. चष्मा, पेन्सिल, वही. त्यांनी येडूपासून सुरुवात केली.

"तुमचा आश्रयदाता कोण?"

"शंकरप्पा नागप्पा तोळणुरे!" येडू ओरडला, आणि पोटातल्या भाकरीशी इमान राखून पुढे म्हणाला, "आज्जाचं नाव चन्नबसप्पा. दुकान मंगळवार बाजारात, डाव्या हाताला."

शंकरप्पा खुलले. साहेबांची भुवई मात्र वर गेली. त्यांनी नोंदवही उघडली. "पहिला आश्रित: 'स्वतःचे नाव सांगता येत नाही' असे डॉक्टरांनी सात महिन्यांपूर्वी लिहिले आहे." ते येडूकडे वळले. "परवा दुपारी काय जेवलात?"

"परवा उपाशीच व्हतो साहेब."

सिद्धाराम येडूला डोळ्यांनी खुणावू लागला. शंकरप्पांचा रुमाल हलला.

"उपाशी? इथे?"

येडूने दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितले, आणि हमाल जसा घसरते गाठोडे गुडघ्याने वर ढकलतो तसे म्हणाला, "एकादस व्हती की!"

साहेबांनी खिशातले पंचांग काढले. एकादशी होती. त्यांनी चष्मा पुसला. मग दुसऱ्याला ज्वारीचा भाव विचारला, तिसऱ्याला सात पाचे. सगळी उत्तरे बरोबर. चौथ्याने साहेबांनाच बेरजेतली चूक दाखवली.

"व्यवस्थापक," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "एक तर ही माणसे ती नव्हेत, नाहीतर ती बरी झाली आहेत. यांतले खरे कोणते?"

मागून, गुदामाच्या भिंतीपलीकडून, बारीक हाक आली, "बिरप्पा रं! एक कमी भरतंया!"

सिद्धारामने ती ऐकली. शंकरप्पांनी त्याच्याकडे बघितले आणि दोन बोटे वर केली. दोन खोल्या.

"बरी झाली आहेत, साहेब," सिद्धाराम म्हणाला.

सरकारी यंत्रणेवर दिरंगाईचा आरोप होतो, तो अन्यायाचा आहे. अहवाल पंधरा दिवसांत आला. 'अकरापैकी अकरा बरे. प्रांतात अन्यत्र असे उदाहरण नाही.' शंकरप्पा रावसाहेब झाले. त्यापाठोपाठ दुसरा कागद आला: ज्याअर्थी सर्व आश्रित बरे झाले आहेत, आणि ज्याअर्थी कलम सातप्रमाणे स्मरणशक्ती शाबूत असणाऱ्यांस येथे राहता येत नाही, त्याअर्थी विश्रांतिगृहाचे कार्य सफल होऊन संपले आहे. प्रत्येक आश्रितास बरे झाल्याचे प्रमाणपत्र देऊन घरी पाठवावे.

"मालक, आणि माझ्या खोल्या?" सिद्धारामने विचारले.

"त्या विश्रांतिगृहाच्या व्यवस्थापकाच्या," रावसाहेब म्हणाले. "विश्रांतिगृह कुठाय आता? तूच सगळ्यांना बरं केलंस."

येडूला प्रमाणपत्र मिळाले नाही, याचे त्याला वाईट वाटले. खऱ्या अकरांना मिळाले. ज्ञानबाने ते घडी घालून पागोट्यात ठेवले. ज्वारीची पावती समजला असावा. तिसऱ्या दिवशी तो रानात जायला निघाला तो कुठल्या रानात गेला, हे कळले नाही. मायाक्काच्या भाच्याला सिद्धाराम स्वतः भेटला.

"आत्याला न्यायला या."

"बरी झाली न्हवं? सरकारनं लिवून दिलंय न्हवं?"

"होय, पण..."

"मग यील की आपली आपण! वाट ठावं हाय तिला." आणि भाच्याने दार लावले. कायद्याने बघता त्याचे काही चुकले नव्हते.

गावाने रावसाहेबांना मानपत्र दिले. मजकूर सिद्धारामने लिहिला, अक्षर सुरेख होते म्हणून. 'वृद्धांचा विसावा' हे शब्द त्यात चार वेळा आले. खाली एक हजार एकशे बावन्न सह्या झाल्या. सिद्धारामची पहिली.

मायाक्काला गोजरबाईने आपल्या खोलीत नेले. खोली आठ हात लांब होती, आता चार हात झाली. दर शनिवारी ती मायाक्काचा हात धरून, मानपत्रावर सह्या केलेल्यांच्या दारोदार जाते आणि पसाभर ज्वारी मागते.

"विश्रांतिगृहातली म्हातारी हाय जी. तुमी सही केल्ती की."

"कुठलं विश्रांतिगृह?" दारातला माणूस कपाळाला आठ्या घालून, अगदी प्रामाणिकपणे आठवून बघतो. "नाही बुवा. आठवत नाही." एक हजार एकशे बावन्नांपैकी आजवर सातशे दारे झाली. सिद्धारामच्या दारी ती दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला आतून कडी लावल्याचा आवाज आला.

तर एकूण कोणी काय किंमत मोजली ते असे. रावसाहेबांचे काही गेले नाही. इमारतीत सूत भरले आहे. साहेबांची पेन्सिल झिजली, ती सरकारी होती. सिद्धारामची कस्तुराबाई अजून माहेरी आहे. गावाची शाई गेली. बाकी जे राहते, म्हणजे अर्धी खोली, अर्धी भाकरी आणि दिवेलागणीला डोकी मोजताना कमी भरणारी दहा माणसे, ते सारे एकट्या गोजरबाईने भरले.

ती तुमच्याही दारात येऊन गेली असेल. जरा आठवून बघा. नाही ना आठवत? मग घाबरू नका. हा रोग आपल्याकडे कोणाला उरलेला नाही, असा अहवाल आहे.