सरांच्या घरातला उतार

नव्या फरशीवर सरांनी पहिलं पाऊल टाकलं आणि लगेच भिंत धरली.

"उतार आहे," सर म्हणाले.

मिस्त्रीचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. बावीस वर्षं तो फरश्या बसवत होता. लोकांनी त्याला तापट म्हटलं, उद्धट म्हटलं, सासूनं तर काय काय म्हटलं. पण तिरकं काम करतो असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि आजचा दिवस भलताच नाजूक होता. अकरा वाजता बिल्डिंगचे सेक्रेटरी फरशी बघायला येणार होते. सरांनी मान डोलावली, की चारही मजल्यांच्या जिन्याचं काम मिस्त्रीचं. सेक्रेटरी साफ बोलले होते, "आपल्याला फरशीतलं काही कळत नाही. सर हो म्हणाले की हो." कारण सरांनी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं आणि पुराव्याशिवाय ते 'आज मंगळवार आहे' असंही म्हणत नसत.

"कुठल्या बाजूला उतार?" मिस्त्रीनं कप खिडकीत ठेवला.

"खिडकीकडे. आणि थोडा दाराकडे."

"दोन्हीकडे? ही फरशी आहे का कासवाची पाठ?"

मिस्त्रीनं पिशवीतून पाणसळ काढली. पाणसळ म्हणजे पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत बुडबुडा. पट्टी जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे येऊन बसला.

"बघा!"

"हा बुडबुडा खरं सांगतो, हे कशावरून?"

"तो कशाला खोटं बोलेल? मी काय त्याला पगार देतो?"

"पट्टी बिघडलेली असू शकते."

मिस्त्रीनं पट्टीची टोकं उलटसुलट करून ती परत ठेवली. बुडबुडा जागचा हलला नाही. "बिघडली असती तर आता बाजूला पळाला असता."

"म्हणजे पट्टीची साक्ष पट्टीच देणार," सर म्हणाले. "चोरालाच विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का?"

मिस्त्रीचे कान लाल झाले. तेवढ्यात सरांच्या बायको, काकू, स्वयंपाकघरातून एक गोल बटाटा घेऊन आल्या. "हा घ्या. घरंगळतो का बघा आणि मोकळे व्हा दोघं."

बटाटा फरशीवर ठेवला. तो तिथंच राहिला. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत होते.

"यावरून बटाट्याबद्दल कळलं," ते म्हणाले.

"काय कळलं?"

"की त्याला कुठं जायची घाई नाही."

"काकू, तुम्हीच सांगा! फरशी सरळ आहे ना?"

"आरशासारखी आहे हो."

"तिचं काय ऐकता? तिला सदतीस वर्षं मीही सरळ वाटत आलोय."

"कोण म्हणालं?" असं म्हणून काकू आत गेल्या.

अकराच्या ठोक्याला सेक्रेटरी आले. बघतात तर सर भिंतीला धरून होडीत चालावं तसे चाललेले. सेक्रेटरींनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि तेही कलले.

"मला पण जरा डावीकडे ओढल्यासारखं होतंय."

"अहो, तुम्ही डाव्या पायावर उभे आहात!" मिस्त्री ओरडला.

सेक्रेटरींनी पाय बदलला. "हां. आता उजवीकडे."

मग सेक्रेटरींनी विचार केला. रोजची सवय नसल्यानं तो जरा जोरातच झाला. "मिस्त्री, तुमची पट्टी म्हणते सरळ. सर म्हणतात तिरकं. दोघंही बरोबर असतील तर?" त्यांचा आवाज खाली गेला. "तर अख्खी बिल्डिंगच कललीय. पट्टीसकट!"

"अनुमान तपासण्याजोगं आहे," सर म्हणाले.

कॉलेजात या वाक्याचा अर्थ पाच मार्कांचा प्रश्न. सेक्रेटरींनी ते जिन्यात ओरडून सांगितलं, आणि तिथं त्याचा अर्थ झाला पळा.

दहा मिनिटांत बारा घरं खालच्या अंगणात. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्यानं शिलाई मशीन उचलून आणलं होतं. कुणाच्या हातात माशांची काचपेटी. तळमजल्यावरच्या मावशी गादी, टीव्ही आणि तीन कुंड्या घेऊन हजर.

"मावशी, तुम्ही तळमजल्यावर. तुम्ही कुठं पडणार?"

"मी नाही रे पडणार! हे सगळे माझ्यावर पडणार ना!"

एकदा बिल्डिंग कललीय म्हटल्यावर पुरावे काय, पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे भराभर उघडले. "म्हणूनच माझं कपाट आपोआप उघडतं." "म्हणूनच मला कुशीवरच झोप लागते." शिंपी म्हणाला, "म्हणूनच माझ्या हातून पँटचा एक पाय आखूड होतो." आणि शेवटी मावशींनी विचारायचं तेच विचारलं, "पण चार दिवस ठोकाठोक कोण करत होतं?"

सगळे डोळे मिस्त्रीकडे वळले. जिना तर गेलाच होता. आता बिल्डिंग वाकडी करणारा म्हणून पंचक्रोशीत नाव होणार होतं. मिस्त्रीनं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण त्याला सर दिसले. सपाट अंगणात सर गुडघ्याइतका पाय उचलून, नसलेली पायरी चढत होते.

"सर, इथं पण उतार आहे?"

"आहे की. गेटाकडे."

"आणि बाहेरचा रस्ता?"

"तोही."

"म्हणजे अख्खी पृथ्वी कललीय?"

"तशी ती कललेली असतेच."

मिस्त्रीची नजर सरांच्या चकचकीत चष्म्यावर गेली. "चष्मा कधीचा, सर?"

"कालचा."

काकूंनी कपाळावर हात मारला. "दुकानदार कानीकपाळी ओरडून सांगत होता, आठवडाभर जमीन वाकडी दिसेल, मग सवय होईल. आणि हे त्यालाच विचारत बसले, सवय झाली म्हणजे जमीन सरळ झाली का?"

सरांनी चष्मा काढला. घातला. परत काढला. माणूस प्रामाणिक. "उतार चष्म्यात आहे," ते म्हणाले. "फरशी सरळ असावी."

"असावी नको, सर. आहे म्हणा. पाया पडतो तुमच्या."

सरांनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. "आहे," ते म्हणाले, आणि कुंडीच्या काठावर बसले.

"ऐकलंत?" मिस्त्री गर्जला. "चला आता वर!"

कुणी हललं नाही.

"सकाळी तिरकी, आता सरळ?" मावशी म्हणाल्या. "तू दमदाटी केलीस त्यांना. बघ, कसा घाम फुटलाय."

"आणि सरांच्या चष्म्यात असेल उतार," शिंपी म्हणाला. "मी चष्मा लावतच नाही. मला दिसला ना!"

ज्यांच्या घरात उतार आहे त्यांना सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले. अकरा हात वर झाले, त्यात एक त्यांचा स्वतःचा. "बारांपैकी अकरा घरं तिरकी. सरांचं तेवढं सरळ, कारण ते मिस्त्रींनी केलंय. मिस्त्री, आमचीही करून द्या. मग जिना तुमचाच."

मिस्त्रीनं सरांकडे बघितलं. सर हळूच म्हणाले, "मी त्यांना समजावू शकतो. तीन तास लागतील."

"नको सर. तीन तासांनी ते अंगण सोडून रस्त्यावर जातील."

मिस्त्रीनं रबरी हातोडा घेतला आणि जिना चढला. प्रत्येक घरात गुडघ्यावर बसायचं, फरशीला कान लावायचा, 'हं' म्हणायचं. खिडकीशी तीन ठोके, दाराशी दोन. "चालून बघा."

"अगं बाई, केवढा फरक!"

शिंप्याची तर कंबरच दुखायची थांबली. चार वाजेपर्यंत अकरा घरं सरळ झाली, एकही फरशी न हलवता. सेक्रेटरी म्हणाले, "जिना सोमवारपासून." बावीस वर्षांत मिस्त्रीनं पहिल्यांदाच खोटं काम केलं होतं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी नावं ठेवली नव्हती. त्याला कसंनुसंच झालं. पिशवी खांद्याला लावून तो गेटापर्यंत पोचला.

"ए मिस्त्री!" मावशी खिडकीतून ओरडल्या. "जरा जास्तच झालं रे! आता उलट्या बाजूला गेलं!"

मिस्त्री थांबला. आभाळाकडे बघितलं. मग मुकाट्यानं आत जाऊन जमिनीवर बसला.

"किती?"

"बोटभर."

हातोडा काढायचा त्याला कंटाळा आला. त्यानं बोटाच्या पेरानं एकदा हळूच टकटक केलं.

"बस, बस!" मावशी म्हणाल्या. "आता अजिबात हात लावू नकोस!"