सांता क्लाराची बारा अंडी

"औषध पाजलं की चौदा दिवस एकही अंडं कुणाच्या पोटात जाता कामा नये. सगळी पुरून टाकायची. राहील ना लक्षात, मांग पान्योंग?"

पशुवैद्यबाईंचा हा आवाज पान्योंगच्या कानात पुन्हा घुमला तो नेमका बुधवारी सकाळी. (त्या मुलखात वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने 'मांग' म्हणतात आणि बाईला 'आलिंग'.) त्याची बायको सालुद रिकामी परडी हलवत घरात शिरत होती.

"पोचवली हो अंडी," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "बाराच्या बारा, सांता क्लाराच्या मठात. आता शनिवारी आपल्या जोविलिनच्या लग्नात थेंब पडायचा नाही."

लग्न ठरलं की आभाळ मोकळं राहावं म्हणून सांता क्लारा या संतिणीच्या मठातल्या ख्रिस्ती साध्वींकडे अंडी पोचवायची, हे काही कुणाला सांगावं लागत नाही. त्यात जोविलिनचा मांडव उघड्या अंगणात, आणि महिना पावसाचा! पण पान्योंगच्या हातातली कॉफी सगळी मांडीवर सांडली.

"कुठली अंडी?"

"आपल्या परसातली. सोमवारपासून जमवत होते. तूच नाही का म्हणालास, माझ्या लेकीसाठी दुकानातली अंडी? शोभतं का?"

म्हणाला होता खरा! बारांगायचा, म्हणजे गावपंचायतीचा, तीन वेळचा पंच तो. प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसून गेली तीस वर्षं तो कोंबडीशास्त्रावर प्रवचनं देत आला होता. "जंत? सुपारी कुटा, भातात मळा, गोळ्या चारा! बाटलीतलं औषध आळशी माणसासाठी!" गावभर त्याच्या सुपारीच्या गोळ्या गेल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या कोंबड्यासुद्धा त्या खाऊन जत्रेतल्या मद्यपी मामांसारख्या झोकांड्या देत. जंत मात्र सुखरूप. यंदा तर कोंबड्यांचे तुरे उकडलेल्या शेवयांसारखे पांढरे पडले, अंगं फुगवून त्या कोपऱ्यात बसू लागल्या आणि एके दिवशी विष्ठेत वीतभर जंत वळवळताना दिसला. तेव्हा कुठे पान्योंग टोपी डोळ्यांवर ओढून दुसऱ्या गावच्या पशुवैद्यबाईंकडे गेला. सोमवारी सकाळी कोंबड्यांना तासभर तहानलेलं ठेवून त्याने पाण्यातून औषध पाजलं आणि बाटली व्हिनेगरच्या बाटल्यांमागे दडवली. बायकोलासुद्धा बोलला नाही. असल्या मरतुकड्या अंडी घालतायत कसल्या, असा त्याचा हिशेब. पण कोंबड्यांनी घातली, आणि रोजच्या प्रार्थनेसाठी त्याच्याआधी उठणाऱ्या सालुदने ती उचलली!

आता मठातल्या बारा साध्वी बारा अंडी खाणार. औषधाची. पान्योंगच्या कृपेने.

"येतो जरा," म्हणून तो निघाला. वाटेत दुकानातून दोन डझन अंडी घेतली आणि तीनचाकी पकडून मठ गाठला. दारात नवऱ्यामुलींची आणि त्यांच्या आयांची ही रांग! पुढे भिंतीत लाकडी फिरतं कपाट. आपण वस्तू ठेवायची, पलीकडची सिस्टर कपाट फिरवून आत घेते. दिसत कुणीच नाही, नुसता आवाज.

"सिस्टर, सकाळी आलिंग सालुदने अंडी दिली होती. ती परत हवी होती."

"परत?" आतला आवाज चकित झाला.

"म्हणजे... फार बारकी आहेत हो. लाज वाटते. ही मोठी घ्या, दोन डझन!"

"देवाच्या दारी माप नसतं, भाऊ." कपाट फिरलं आणि दोन डझन अंडी आत गेली. "देव तुमचं भलं करो!"

"अहो, आणि ती आधीची?"

"तीही राहू देत. उदार आहात!"

रांगेत कुजबुज सुटली. "पान्योंग अंडी परत मागतोय!" "म्हणजे लग्न मोडलं?" "नाहीतर काय! दिलेली अंडी कोण परत मागतं?" पाच मिनिटं झाली नाहीत तोच त्याचा फोन वाजला. पलीकडे होणारी विहीणबाई, आलिंग दोराय.

"मांग पान्योंग! माझ्या पोरात काय खोट दिसली तुम्हाला? डुक्कर कापायला माणूस दारात उभा आहे, आणि तुम्ही अंडी काढून घेताय?"

"नाही हो विहीणबाई, लग्न आहे!"

"मग अंडी का मागताय?"

आता यावर काय सांगायचं! आत कुठेतरी भांडी वाजली. पान्योंगने कपाटाला कान लावला.

"सिस्टर, स्वयंपाकघरात काय चाललंय?"

"नाश्त्याची तयारी. तुमचीच अंडी फोडायला घेतली आहेत."

"थांबा!" पान्योंग असा ओरडला की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून चालू लागलं. "फोडू नका! मी कोंबड्यांना औषध पाजलंय! जंतांचं! दुकानातलं! बाटलीतलं! चौदा दिवस खायची नाहीत ती अंडी!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. फोनमधून आलिंग दोराय म्हणाली, "म्हणजे लग्न आहे तर!"

मग मागून एक आवाज आला. भाचीच्या लग्नाची अंडी घेऊन आलेली आलिंग बिदाय होती ती, मागल्या गल्लीतली.

"बाटलीतलं औषध? तुम्ही? आणि माझ्या कोंबड्यांना सुपारीच्या गोळ्या? पाच मेल्या, पान्योंग. सांगायला आले तर काय म्हणालात? 'आलिंग बिदाय, तुमची श्रद्धाच कमी!' अहो, मी नऊ दिवस उपास धरला! श्रद्धा वाढावी म्हणून!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर पान्योंगला बरं वाटलं असतं.

कपाट फिरलं. त्यात ती बारा अंडी होती, एक चिरलेलं. सिस्टरचा आवाज पुन्हा आला, जराही न चढता. "बोललात हे चांगलं केलंत. दुकानातली ठेवून घेते. सांता क्लारा कोंबडीचं घराणं विचारत नाही. पण भाऊ, या बाईंचं काय करणार?"

पान्योंग मागे वळला. "उरल्यात किती, आलिंग बिदाय?"

"चार. त्याही पेंगतात."

"शुक्रवारी सकाळी येतो. खुराड्यातला ओला भुसा सगळा काढतो, तिथेच जंतांची अंडी राहतात. कोरडा भुसा घालतो, दाण्याचं भांडं जमिनीवरून उचलून टांगतो. औषधही मीच पाजतो."

"येणार?" बिदाय म्हणाली. "तुम्ही निवडणुकीतही असंच म्हणायचात."

घरी सालुदने सगळं ऐकून घेतलं. मग फावडं आणून त्याच्या हातात दिलं. अंडी पुरायला खड्डा तिने त्याच्याकडूनच कंबरभर खोल खणून घेतला!

शुक्रवारी सकाळी अंगणात मांडवाचे बांबू उभे राहत होते. प्रार्थनामंदिराच्या पायरीवरची मित्रमंडळी कॉफी प्यायला जमली होती आणि नवीन प्रवचनाची वाट बघत होती. तीस वर्षांत पान्योंग कुठलंही काम आधी भाषण केल्याशिवाय करायला गेला नव्हता. आज त्याने फावडं घेतलं, खांद्यावर भुशाचं पोतं टाकलं, औषधाची बाटली खिशात घातली आणि कुणाला काही न सांगता मागच्या फाटकातून आलिंग बिदायच्या गल्लीकडे चालू लागला.