बत्तीसच्या भिंगातलं हळदीकुंकू

गेल्या संक्रांतीपासून कृत्तिका प्रमिलाबाई रिसबुडांच्या गच्चीवर यायच्या बंद झाल्या होत्या. समोरच्या सोमणांच्या गच्चीवरून तो चांदण्यांचा झुबका अगदी डोक्यावर दिसे. रिसबुडांच्या गच्चीवरून तिथे नुसतं काळं आभाळ. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. उघड कुणी बोलत नसे, एवढंच.

यंदा मात्र प्रमिलाबाईंचा जीव टांगणीला लागला. नव्या सुनेचं, ईशाचं, पहिलं हळदीकुंकू! पोर हलव्याचे दागिने घालून बसणार आणि आळीतल्या बायका तिला सोडून वरचं भोक बघणार.

शेवटी एका दिवेलागणीला त्यांनी दुर्बीण लावून रोहिणीला गाठलं. रोहिणी कृत्तिकांची शेजारीण. तांबूस, एकटी, तोंडाने फटकळ. एकटी असल्यामुळे ती कुठल्याही भिंगात मावते.

“रुसतील नाहीतर काय करतील?” रोहिणी म्हणाली. “गेल्या हळदीकुंकवाला डोळ्याशी भिंग कुठलं बसवलं होतंत? सहा मिलिमीटरचं! दोघी आत आल्या आणि जागा संपली. बाकीच्या बाहेर थंडीत ताटकळल्या.”

“अहो, पण तेच सगळ्यात मोठं दाखवतं!”

“शनीचं कडं बघायला ठेवा ते. घोळका यायचा असला की सतरंजी रुंद अंथरावी, प्रमिलाबाई. बत्तीसचं आणा.”

प्रमिलाबाई खाली आल्या. रिसबूड पेपर वाचत होते. दुर्बीण आपल्याला कळते, असा त्यांचा स्वतःचा समज होता.

“बत्तीस? अगं, आकडा वाढला की तारे लहान दिसतात. पैसे मोजून लहान काय बघायचं?”

“मला पाहुण्या बघायच्यात,” प्रमिलाबाई म्हणाल्या, “त्यांच्या नाकातल्या चमक्या नाहीत.”

रिसबुडांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. ईशाच दुकानात जाऊन बत्तीसचं भिंग घेऊन आली.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी गच्ची बायकांनी भरली. प्रमिलाबाईंनी सहाचं भिंग काढलं, बत्तीसचं बसवलं आणि दुर्बिणीत तोंड घालून म्हणाल्या, “चुकलं माझं. या, सगळ्या या.”

आधी कृत्तिकांतली थोरली आली. तिने आत डोकावून जागा पाहिली आणि मागे वळून खूण केली. मग रीघच लागली! नेहमीच्या सहा-सात आल्याच, शिवाय त्यांच्या जावा, नणंदा, कधी कुणाच्या नजरेस न पडलेल्या लाजऱ्या पोरी, कडेवर लेकरं. सगळ्या ऐसपैस बसल्या, तरी कडेला जागा उरली. प्रमिलाबाईंना आनंदाने रडू फुटलं. ईशाने पदर सावरून अनामिकेने एकेकीला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. सोमणवहिनी आपली पाळी कधी येते म्हणून रांगेत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गावाने मान वर केली, तर कृत्तिका ठसठशीत कुंकू लावून डोक्यावर उभ्या. कुणाच्या घरचं, हे कुणी विचारलं नाही.